गाईच्या पोटातले मजूर आणि उरुळीचे मणिभाई

वाचकहो, बाजारात गाय घ्यायला उभे राहिलात तर तुम्ही काय बघता? कास बघता, सड दाबून बघता, दात मोजता, वेत विचारता. दुधाची धार किती पडते हे तर आधी विचारता. पण त्या गाईच्या पोटात काय चालले आहे, याचा विचार आपल्यापैकी किती जण करतात? खरं सांगायचं तर कोणीच करत नाही. आणि फसगत होते ती तिथेच. आज तुम्हाला ज्या माणसाची गोष्ट सांगायची आहे, त्याने आपली सारी हयात गाईच्या आणि गाय पाळणाऱ्या गरिबाच्या पोटाचा विचार करण्यात घालवली. त्यांचे नाव मणिभाई देसाई. त्यांना जाऊन आता तीस वर्षांहून जास्त काळ झाला. पण सुप्याहून चौफुल्याला या, सोलापूर रस्त्याला लागा, पुण्याकडे तोंड करा. यवत मागे पडले की जे उरुळी कांचन लागते, तेच या माणसाचे गाव. जन्माने नव्हे, कर्माने.

सुप्याचा माळ आणि गवताची कोडी

आधी आपल्या भागाचे बघू. पुणे-सुपे परगणा म्हणजे शहाजीराजांची जहागीर, हे शाळेत सगळे शिकतात. पण सुप्याचे नाव आणखी एका गोष्टीने इतिहासात गेले आहे. 12 मे 1875 रोजी, बाजाराच्या दिवशी, इथल्या कर्जाने पिचलेल्या कुणब्यांनी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चाल केली, वह्या आणि कर्जखते जाळली. दख्खनच्या दंग्यांची ठिणगी पडली ती सुप्यात. कर्ज, कमी पाऊस आणि हलका माळ हे आपले जुने सोबती. नीरेच्या कालव्याने बारामतीचा एक भाग हिरवा झाला, पण सुप्याकडचा पट्टा जिरायतच राहिला. इथे पिकते ती रब्बीची ज्वारी, आणि ज्वारीबरोबर येतो तो कडबा. माळावर उगवते ते कुसळी गवत. माणसाने खाता येईल असे त्यात काही नाही.

आता गंमत बघा. त्याच माळावर, सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात, चिंकारा हरणे टणाटण उड्या मारतात. 1997 साली हे अभयारण्य झाले. त्या हरणांना कोण पेंड घालते? कोणी नाही. वाळलेले गवत, झुडपांचा पाला, बाभळीच्या शेंगा यांवर ती जगतात. शेळी, मेंढी, गाय, म्हैस, हरीण ही सगळी एकाच जातकुळीची, रवंथ करणारी. माणसाला जे निव्वळ काडीकचरा, त्यातून ही जनावरे दूध, मांस आणि ताकद उभी करतात. कशी करतात, हे कोडे नीट समजले तर मणिभाईंच्या कामाचे मर्म कळेल.

कोसमाड्याचा मुलगा

मणिभाई भीमभाई देसाई यांचा जन्म 27 एप्रिल 1920 रोजी गुजरातमध्ये सुरत जिल्ह्यातल्या कोसमाडा गावी झाला. घर शेतकऱ्याचे. मुलगा हुशार, विज्ञान शिकत होता. चार बुके शिकून मोठी नोकरी धरावी, अशीच घरच्यांची अपेक्षा असणार. पण 1942 साल उजाडले, चले जाव आंदोलन पेटले, आणि हा विद्यार्थी त्यात उतरला. तुरुंगवास घडला. बाहेर आल्यावर पुन्हा घरची वाट धरण्याऐवजी त्यांनी गांधीजींच्या सेवाग्राम आश्रमाची वाट धरली.

गांधीजींना तेव्हा निसर्गोपचाराचे वेड लागले होते. औषधांवर पैसा घालवण्याची ऐपत नसलेल्या खेड्यातल्या माणसाला माती, पाणी, ऊन आणि साधा आहार यांनी बरे करता यावे, असा त्यांचा विचार. पुण्यासारख्या शहरात ते काम गरिबांपर्यंत पोहोचत नाही असे दिसल्यावर त्यांनी खेडे शोधले. 22 मार्च 1946 रोजी ते उरुळी कांचनला आले आणि आठवडाभर राहिले. गावच्या महादेव तात्याबा कांचन यांनी जमीन दिली आणि निसर्गोपचार आश्रम उभा राहिला. गांधीजी पुढे निघून गेले. मागे राहिले ते 25 वर्षांचे मणिभाई. याच गावात आयुष्य घालवीन, असा शब्द त्यांनी गांधीजींना दिला होता. मराठी येत नाही, गावात ओळख ना पाळख, खिशात दमडी नाही. तरी तो शब्द त्यांनी मोडला नाही. लग्न केले नाही, घरसंसार मांडला नाही. उरुळी हाच संसार.

तेव्हाची उरुळी आजच्यासारखी नव्हती. गरिबी होती, दारू होती, भांडणे होती. तरण्या मणिभाईंनी लोकांत मिसळून काम सुरू केले. शाळा काढण्यात पुढाकार घेतला, शेतीला पाणी मिळावे म्हणून खटपट केली, द्राक्षाचे मळे फुलवून दाखवले. कोणतीही गोष्ट दुसऱ्याला सांगण्याआधी स्वतः करून बघायची, हा त्यांचा स्वभाव. आणि गांधीजींनी त्यांच्यावर आणखी एक काम टाकले होते. ते म्हणजे गाय.

गोशाळेत उमगलेले गणित

आश्रमाच्या गोशाळेत मणिभाईंनी गीर गाई पाळल्या. गीर म्हणजे गुजरातची, लांब कानांची, कपाळ पुढे आलेली दुधाळ जात. विज्ञानाचा विद्यार्थी असल्याने त्यांनी गाईकडे केवळ देव म्हणून बघितले नाही, नोंदवही घेऊन बघितले. कोणती गाय किती खाते, किती देते, कोणत्या वळूची कालवड कशी निघते, याच्या नोंदी ठेवल्या. चांगल्या वंशाची निवड केली, चारा सुधारला, आणि गोशाळेचे दूध वाढले.

इथे त्यांना एक गोष्ट उमगली, जी आजही आपल्या ध्यानात येत नाही. दुधाला दोन हात लागतात. एक हात वंशाचा, दुसरा हात चाऱ्याचा. वंश कितीही भारी असला आणि गव्हाण रिकामी असली तर टाळी वाजत नाही. उलट चारा भरपूर आणि वंश हलका, तरी दूध एका मर्यादेपुढे जात नाही.

चाऱ्याचा हा हात कसा चालतो, ते आता सावकाश बघू. जरा शास्त्र आहे, पण अवघड नाही. रोज गोठ्यात जे बघता त्याचीच फोड करायची आहे.

साखरेच्याच माळा, पण गाठ वेगळी

ज्वारीचा दाणा आणि ज्वारीचे धाट, दोन्ही एकाच ताटाचे. दाण्यात असते पिष्ट, म्हणजे स्टार्च. धाटात असते सेल्युलोज. रसायनाच्या भाषेत बघितले तर दोन्ही ग्लुकोज नावाच्या साखरेच्या मण्यांच्या लांबलचक माळा. मग दाण्याची भाकरी होते आणि धाट आपल्याला का पचत नाही? कारण मणी तेच असले तरी ओवण्याची गाठ वेगळी आहे. पिष्टाची गाठ सोडवणारे पाचकरस आपल्या लाळेत आणि आतड्यात असतात. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोड लागतो, तो त्यामुळेच. सेल्युलोजची गाठ सोडवणारा रस आपल्याकडे नाही.

आणि आता कान देऊन ऐका, तो रस गाईकडेही नाही! गाय स्वतःच्या बळावर कडब्याची एक काडीसुद्धा पचवू शकत नाही. मग पचवते कोण? तिच्या पोटातले जीव.

गाईच्या पोटाला चार कप्पे असतात. कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि चौथे खरे पोट. यातले कोटीपोट म्हणजे भली थोरली कणगीच. मोठ्या गाईत त्यात शंभर ते दोनशे लिटर ऐवज मावतो. आत ऊब 39 अंशांच्या आसपास, ओल कायम, आणि हवा जवळजवळ नाही. अशा बंद, उबदार जागेत जिवाणूंची वस्ती असते. किती? कोटीपोटातल्या एका मिलिलिटर रसात साधारण एक हजार कोटी. म्हणजे चहाच्या एका चमच्यात पृथ्वीवरच्या एकूण माणसांच्या कितीतरी पट जिवाणू. शिवाय त्यांच्याहून मोठे एकपेशीय जीव आणि बुरशीचे प्रकार वेगळेच.

हे जिवाणू गवताच्या काडीला चिकटतात. त्यांच्याजवळ सेल्युलोज कातरणाऱ्या कात्र्या असतात. त्यांना विकर किंवा एन्झाइम म्हणतात. माळेचे आधी मोठे तुकडे, मग दोन-दोन मण्यांच्या जोड्या, मग सुटे मणी, अशी कातरणी चालते. कोणी सेल्युलोज कातरतो, कोणी त्याच्या जोडीचे हेमिसेल्युलोज, कोणी पिष्ट. एकाने तोडले की उरलेला तुकडा दुसरा उचलतो. सुगीत जसे कापणारे, बांधणारे, मळणारे आणि उफणणारे वेगवेगळे असतात, तसाच हा प्रकार.

सुटलेली साखर गाईला मिळते का? नाही. ती जिवाणूच खाऊन टाकतात. हवा नसल्याने ती त्यांना पुरती जाळता येत नाही, मग ते ती आंबवतात. आंबवताना आम्ले तयार होतात. एक ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधले आम्ल. दुसरे प्रोपिऑनिक, तिसरे ब्युटिरिक. जिवाणूंच्या दृष्टीने ही उरलीसुरली टाकाऊ वस्तू. गाय तीच कोटीपोटाच्या भिंतीतून शोषून घेते आणि तिच्या गरजेची साधारण सत्तर टक्के शक्ती त्यातूनच मिळवते. ॲसिटिक आम्लातून दुधातली चरबी बनते, म्हणून चाऱ्यात धागा कमी पडला की डेअरीत फॅट घसरते. प्रोपिऑनिकपासून गाय आपल्या यकृतात साखर बनवते आणि त्या साखरेवर दुधाचे लिटर ठरतात.

हिशेब इथेच संपत नाही. कोटीपोटात वाढलेले जिवाणू चाऱ्याबरोबर पुढे वाहत चौथ्या पोटात जातात आणि तिथे स्वतःच पचून जातात. गाईला लागणाऱ्या प्रथिनांचा मोठा वाटा या जिवाणूंच्याच देहातून येतो. मजुरांनी काम करायचे, आणि शेवटी मालकिणीने मजुरांनाच गिळायचे. तरी वस्ती संपत नाही, कारण दर काही तासांनी नवी पिढी उभी राहते.

या वस्तीचा अभ्यास करणे सोपे नव्हते. हवा लागली की हे जिवाणू मरतात. अमेरिकेतल्या रॉबर्ट हंगेट नावाच्या शास्त्रज्ञाने 1940 च्या दशकात बिनहवेच्या नळ्यांत हे जिवाणू वाढवण्याची युक्ती काढली आणि सेल्युलोज तोडणारे नेमके कोण ते दाखवले. कोटीपोटावरचा त्यांचा गाजलेला ग्रंथ 1966 साली आला. योगायोग असा की पुढच्याच वर्षी उरुळीत मणिभाईंनी आपले सर्वांत मोठे काम सुरू केले.

बायफची स्थापना

1967 साली मणिभाईंनी भारतीय ॲग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन, म्हणजे आपण ज्याला बायफ म्हणतो ती संस्था स्थापन केली. त्यांच्या डोक्यात विचार साधा होता. ज्याच्याकडे जमीन थोडी किंवा नाहीच, त्याच्या घरी दोन दुधाळ गाई उभ्या राहिल्या तर तो सावकाराच्या दारात जाणार नाही. सुप्याच्या 1875 च्या दंग्याचा इतिहास माहीत असलेल्या आपल्यासारख्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

पण गरिबाच्या दावणीला होती ती अर्धपोटी गावठी गाय. तिला बाजारात किंमत नाही आणि चांगली गाय विकत घ्यायला पैसा नाही. मणिभाईंनी तोड काढली ती अशी. गाय तीच ठेवायची, पुढची कालवड बदलायची. होल्स्टिन आणि जर्सी वळूंचे गोठवलेले रेत आणायचे, आणि शेतकऱ्याने गाय दवाखान्यापर्यंत ओढत नेण्याऐवजी माणसानेच त्याच्या दारात जायचे. द्रव नायट्रोजनच्या भांड्यात, शून्याखाली 196 अंशांवर रेत जपत, मोटारसायकलवर बसून जाणारा बायफचा कार्यकर्ता हे चित्र पुढे कितीतरी जिल्ह्यांत रोजचे झाले. पुढे ही संस्था अनेक राज्यांत पसरली आणि लाखो संकरित कालवडी गरिबांच्या गोठ्यात जन्मल्या. 1968 साली मणिभाईंना पद्मश्री मिळाली, तर 1982 साली लोकसेवेसाठी मॅगसेसे पुरस्कार.

सगळेच गोड झाले असे मात्र नाही, आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. संकरित गाईला सावली लागते, पाणी भरपूर लागते, चारा दर्जाचा लागतो. आपला खिलार कडब्यावर आणि उन्हात तग धरतो, ही धरत नाही. संकरित गोऱ्ह्याला वशिंड नीट नसते, उन्हात नांगराला तो टिकत नाही, म्हणून शेतकऱ्याला तो नकोसा झाला. देशी जाती मागे पडतील अशी टीका त्या काळीही झाली आणि त्यात तथ्य होते. पुढे बायफनेच देशी जातींच्या जतनाचेही काम हाती घेतले. गाईचा वंश बदलला की तिच्या पोटाची मागणी वाढते. ती मागणी भागवल्याशिवाय नुसती कालवड बदलून भागत नाही. कर्ज काढून आणलेली गाय अर्धपोटी राहिली, तर सावकाराची वही नव्याने उघडलीच म्हणून समजा.

सुबाभूळ आणि एका जिवाणूची गोष्ट

चाऱ्याचा प्रश्न मणिभाईंना चांगलाच ठाऊक होता. 1972 च्या दुष्काळात जनावरांचे हाल सगळ्या महाराष्ट्राने बघितले. माळरानावर, कमी पाण्यावर, बारमाही हिरवा पाला देईल असे झाड हवे होते. सत्तरच्या दशकात बायफने हवाई बेटांकडची उंच वाढणारी सुबाभूळ आणून तिचा प्रसार केला. बांधावर लावा, छाटा, पुन्हा फुटते. पाल्यात प्रथिने भरपूर. जळणही मिळते. सुबाभूळ पुढे माहीत नाही असा शेतकरी राहिला नाही.

पण या पाल्यात मिमोसिन नावाचे एक विषारी द्रव्य असते. घोड्याला पाला जास्त झाला तर त्याचे केस गळतात. गाई-गुरांत कोटीपोटात मिमोसिनचे रूप बदलते आणि जे तयार होते ते गळ्याच्या थायरॉइड ग्रंथीला बाधते. ऑस्ट्रेलियात सुबाभळीवर चरणारी गुरे आजारी पडत होती. मात्र हवाईतल्या शेळ्या तोच पाला खाऊन ठणठणीत! रेमंड जोन्स या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाला हे खटकले. शोध घेता दिसले की हवाईतल्या शेळ्यांच्या कोटीपोटात ते विष फोडणारा एक जिवाणू आहे, ऑस्ट्रेलियातल्या गुरांत तो नाही. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तो जिवाणू तिकडून इकडे नेऊन गुरांच्या पोटात सोडला आणि गुरे सुधारली. 1992 साली त्या जिवाणूला जोन्स यांच्याच नावावरून सिनर्जिस्टीस जोन्सिआय असे नाव मिळाले.

सांगायचा मुद्दा हा की जनावराला काय पचते, हे जनावर ठरवत नाही, पोटातली वस्ती ठरवते. आपल्या जनावरांनाही सुबाभूळ एकदम आणि एकटी घालू नका. एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, आणि सवय हळूहळू लावा. घोड्याला तर ती लांबच ठेवा.

मग गोठ्यात काय करायचे?

आता हे सगळे ऐकून घरी काय न्यायचे, ते बघू.

पहिली गोष्ट, चारा एकदम बदलू नका. कडब्यावर असलेल्या जनावराला आज अचानक पोटभर हिरवा घास किंवा भरडा टाकला, तर धागा तोडणाऱ्या वस्तीच्या हाती काम उरत नाही आणि भलतेच जिवाणू माजतात. दहा-पंधरा दिवसांत थोडे-थोडे करून बदल करा.

दुसरी गोष्ट, धान्य आणि लग्नातले उरलेले अन्न. पंगत उठली की उरलेला भात, बुंदी, चपात्या गाईपुढे ओतायची रीत आहे. पुण्य लाभेल म्हणून टाकतो आणि गाय गमावतो. पिष्ट आणि साखर इतकी एकदम आली की लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू झपाट्याने वाढतात. कोटीपोट आंबट होते, धागा पचवणारे मजूर मरतात, जनावर खाणे सोडते, रवंथ थांबते, पातळ हगवण लागते, ते आडवे पडते आणि वेळेत उपचार झाला नाही तर दगावते. दाण्याच्या पोत्याला तोंड लागले तरी हेच. अशा वेळी घरगुती प्रयोगात वेळ घालवू नका, पशुवैद्याला बोलवा.

तिसरी गोष्ट, रवंथ हेच आरोग्याचे माप. चांगली गाय दिवसातून सहा ते आठ तास रवंथ करते. तेव्हा तोंडात जी लाळ सुटते ती दिवसाला शंभर लिटरच्या वर जाते, आणि त्या लाळेत खाण्याच्या सोड्यासारखा क्षार असतो. कोटीपोटाची आंबट बाजू तोच सांभाळतो. म्हणून कुट्टी करा, पण अगदी पीठ करू नका. धागा लांब राहिला तरच रवंथ होते. गोठ्यात बसलेल्या गाईंपैकी निम्म्याहून जास्त गाई तोंड हलवत नसतील, तर काहीतरी चुकते आहे.

चौथी गोष्ट, कडबा म्हातारा होऊ देऊ नका. वनस्पती जून झाली की तिच्यात लिग्निन नावाचे लाकडी सिमेंट भरते. कोटीपोटातल्या जिवाणूंनाही ते फुटत नाही, आणि सेल्युलोज त्याच्या आड अडकून पडते. म्हणून चाऱ्याचे पीक फुलोऱ्यात असताना कापावे. गव्हाचा भुसा किंवा भाताचा पेंढा घालायचाच असेल, तर 100 किलोला 4 किलो युरिया सुमारे 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडायचा, थर दाबून कागदाखाली हवाबंद करायचा, आणि 21 दिवसांनी उघडायचा. घालण्याआधी उग्र वास जाईपर्यंत मोकळ्या हवेत पसरायचा. युरियाने धागा सैल होतो आणि जिवाणूंना नत्र मिळते. पण कोरडा युरिया किंवा युरियाचे पाणी जनावराच्या तोंडी कधीही लागू देऊ नका, ते विष आहे. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना हा चाराही नको.

पाचवी गोष्ट, वासरू. जन्मलेल्या वासराचे कोटीपोट चिमुकले असते आणि त्यात वस्ती नसते. दूध त्याला वळसा घालून थेट चौथ्या पोटात उतरते. आईने चाटणे, मोठ्या जनावरांच्या सहवासात राहणे, गवताची काडी चघळणे यातून वस्ती वसते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून थोडा भरडा आणि कोवळा चारा तोंडाजवळ ठेवा. लवकर खाऊ लागलेली कालवड लवकर माजावर येते, आणि गरिबाचे एक वर्ष वाचते.

आणि आपल्या पोटाचे काय?

मणिभाई ज्या आश्रमात राहिले, तिथे साध्या अन्नाचे महत्त्व शिकवले जात होते. त्यामागचे कारण आज जास्त स्पष्ट झाले आहे. माणसालाही एक छोटे कोटीपोट आहे, फक्त ते शेवटच्या टोकाला आहे. आपल्या मोठ्या आतड्यात जिवाणूंची दाट वस्ती असते. भाकरीचा कोंडा, भाजीचा धागा, मटकी-हुलग्यातल्या न पचलेल्या साखरा तिथपर्यंत पोहोचतात आणि जिवाणू त्या आंबवतात. तयार होतात तीच तीन आम्ले. त्यातले ब्युटिरिक आम्ल आतड्याच्या अस्तराचे मुख्य अन्न. हरभरा खाल्ला की पोटात वारा धरतो, तोही या कामाचाच पुरावा. गाय या आम्लांवर जगते, आपण नाही. आपल्याला त्यातून थोडीच शक्ती मिळते, पण आतडे निरोगी राहायला ती लागतात. मैद्याचे पाव-बिस्किट खाऊन राहिलो तर ही वस्ती उपाशी राहते. म्हणजे गाईला जो नियम, तोच थोड्या फरकाने आपल्यालाही.

शेवटचे दोन शब्द

14 नोव्हेंबर 1993 रोजी मणिभाई गेले. गांधीजींना दिलेला शब्द त्यांनी जवळजवळ 48 वर्षे पाळला. उरुळीत आलेला तो परका तरुण जाताना त्या मातीचाच झाला होता.

त्यांच्या मोठेपणाचे पुतळे उभारता येतील, पण त्यांची खरी शिकवण गोठ्यात बसून कळते. त्यांनी गाय देव मानली असेल, पण तिला नुसता नमस्कार करून ते थांबले नाहीत. तिचे खाणे मोजले, तिच्या दुधाची वही ठेवली, तिच्या वंशाचा विचार केला. आपण निदान एवढे करावे. पुढची गाय घ्यायला बाजारात जाल, किंवा बँकेत कर्जाचा अर्ज भराल, तेव्हा आधी घरी एक फेरी मारा. उन्हाळ्याच्या चार महिन्यांचा चारा गंजीत आहे का? पाणी आहे का? सावली आहे का? ते असेल तर खुशाल गाय आणा. नसेल तर आधी चारा लावा, मुरघास करा, बांधावर झाडे लावा, आणि मगच दावणीला गाय बांधा. कारण तुम्ही एकटी गाय विकत घेत नसता. तिच्याबरोबर अब्जावधी मजूर घरी येतात. त्यांना काम आणि जेवण दिले, तर ते तुमचे कर्ज फेडतील. उपाशी ठेवले, तर हप्ते तुमच्या अंगावर राहतील.